पळीभर तीर्थ

गाव सोडले त्या दिवशी सकाळची पूजा माझ्याच हातून झाली. लक्ष्मीनारायणाला स्नान घातले, गंध लावले, तुळस वाहिली, शाळिग्रामावरचे तीर्थ तांब्याच्या पंचपात्रात काढले आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन नेहमीच्या जागी बसलो. त्या जागी माझे वडील बसत, त्यांच्या आधी आजोबा. तीर्थाची पळी कशी धरावी हे मुंज झाल्यावर वडिलांनी मला शिकवले होते. "पळी हलली की समजावे, मन देवापाशी नाही," असे ते म्हणत. त्या सकाळी माझी पळी हलत होती. मन कुठे गेले होते हेही मला ठाऊक होते. ते माझ्या आधीच लोणावळ्याला पोहोचले होते आणि एका इस्पितळाच्या पायरीशी घाबरून उभे होते.

आमचे गाव लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. देऊळ एक आणि पुजाऱ्यांची घरे दोन. माझा पुतण्या पाठशाळेतून अध्ययन पूर्ण करून नुकताच परतला होता. एका देवळावर दोन चुली चालत नाहीत. त्याने मला तसे कधी दर्शवले नाही, आणि त्याच्या त्या सौजन्यामुळेच मला निघणे भाग होते. पण निघून करायचे काय, हा प्रश्न होता. मी लहानपणी कृष्णाकाठच्या पाठशाळेत शिकलेलो. संहिता, थोडे व्याकरण, पूजाविधी यांपलीकडे मला काही येत नव्हते. नाही म्हणायला आणखी एक गोष्ट येत होती. आई दीर्घकाळ अंथरुणाला खिळून होती आणि तिचे सारे मीच करीत असे. तिला पाहायला लोणावळ्याहून जे डॉक्टर येत, त्यांनी एकदा तिला कुशीवर वळवले, पाठीवर व्रण नाही हे पाहिले आणि विचारले, "हिला कोण सांभाळतं?" आई म्हणाली, "हाच. ह्याला देव आणि मी, दोघांनाच आंघोळ घालता येते." आई गेल्यावर त्याच डॉक्टरांनी निरोप पाठवला की वॉर्डात पुरुष मदतनीस हवे आहेत, यावे.

तर त्या सकाळी तीर्थ घ्यायला सर्वांत आधी आले ते कोंडिबा आबा. गावातले मोठे शेतकरी. देवळाच्या उताराखालची भातखाचरे त्यांची. शेतावर जाताना टोपी काढून काखेत धरायची, उजव्या हाताची ओंजळ पुढे करायची, तीर्थ प्यायचे आणि ओला तळहात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवायचा, हा त्यांचा नेम. त्याआधी चहासुद्धा घेत नसत.

"म्हंजी निघालाच म्हना की बुवा," ते म्हणाले.

"निघालो, आबा."

"देवाचं न्हाणं सोडून मानसांचं न्हाणं धरलं. धरा. पर एक ध्यानात ठेवा, देव कदी कुरकुरत न्हाई. मानूस पानी गार हाय म्हनंल, ऊन हाय म्हनंल."

ओट्यावर बसलेले चारचौघे हसले. मीही हसलो असेन. आबांनी ओला हात डोक्यावरून फिरवला, टोपी घातली आणि जाता जाता म्हणाले, "आमीबी येऊ कवातरी तुमच्याकडं न्हायाला. वळख ठेवा म्हंजी झालं."

घरी येऊन पिशवी उचलली. पत्नी सुमती मागाहून येणार होती. निरोप देताना ती म्हणाली, "भीती वाटली तर मला सांगू नका. इथे मलाही वाटतच असेल." जीप डोंगर उतरू लागली तेव्हा देवळाचा कळस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसला आणि मग दिसेनासा झाला. मी हात उपरण्यात गुंडाळून बसलो.

गावाकडे राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखेच पिशवी उचलून निघून गेलेल्यांनो, तुम्हांला वाटत असेल की मला घाणीची किंवा विटाळाची भीती वाटली. तशी ती वाटली नाही. आईने ती आधीच घालवली होती. मला भीती वाटली ती माझ्या हातांची. देवाची मूर्ती चुकून कलली तर आपण क्षमा मागतो आणि ती सरळ करतो. माणूस कलला तर त्याचे हाड मोडते. पहिल्याच दिवशी एका वृद्ध रुग्णाला स्पंजिंग करायला सांगितले, म्हणजे अंथरुणातच ओल्या फडक्याने अंग पुसायचे. मी फडके पाठीवर ठेवले आणि तो शहारला. मी तिथेच थांबलो. फडके हातात, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते आहे, आणि मला पुढे काही सुचेना. जन्मभर ज्याला स्नान घातले तो कधी शहारला नव्हता.

"मामा, पाणी आधी तुमच्या मनगटावर बघायचं," मागून आवाज आला. त्या शमीम सिस्टर, वॉर्डाच्या प्रमुख. देहूरोडच्या, वडील तिथल्या लष्करी डेपोत कामाला होते. वयाने माझ्याहून लहान, पण वॉर्डात त्यांच्या शब्दापुढे डॉक्टरही आवाज चढवत नसत.

'मामा' हे माझे नवे नाव. तिथे स्त्री मदतनीस ती मावशी आणि पुरुष तो मामा. मूळ नाव कोणी विचारत नाही. गावात मी बुवा होतो. शनिवारी सुट्टीला गेलो की बुवा व्हायचो, रविवारी परतलो की मामा. हळूहळू दोन्ही नावांना ओ द्यायची सवय झाली.

सोवळ्याची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण तिने माझी बरीच झोप घेतली. देवळात सोवळे नेसल्यावर मी लोकांच्या स्पर्शापासून दूर राहत असे. इथे प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी हात धुवायचे, लावल्यावर पुन्हा धुवायचे, हातमोजे घालायचे, काढायचे, टाकायचे. आरंभी मला वाटले की हे तेच आहे. मग एक दिवस बेसिनपाशी उभा असताना ध्यानात आले की दिशा उलटी आहे. तिथे मी स्वतःला जपत होतो. इथे माझ्यापासून त्यांना जपायचे होते. ज्याच्यापासून इतरांना जपावे लागते असा मी आहे, ह्या विचाराने मी कितीतरी दिवस धास्तावलेला होतो. लोणावळ्याच्या पावसात चादरी वाळत नाहीत, इस्त्रीखाली वाळवाव्या लागतात. त्या वाफेत उभा राहून मी हाच विचार करीत असे.

पुढे इस्पितळानेच मला नर्सिंग असिस्टंटच्या अभ्यासक्रमाला बसवले. माझ्या निम्म्या वयाच्या मुलामुलींबरोबर बाकावर बसलो. जपाने बोटांना मोजायची सवय होती, त्यामुळे नाडी मोजणे चटकन आले. रक्तदाब घेणे, रुग्णाला पलंगावरून खुर्चीत घेणे, नाकातल्या नळीतून अन्न देणे, हे सारे क्रमाने शिकलो. नवीन मदतनिसांना शिकवण्याचे काम काही वर्षांनी माझ्याकडे आले. सुमतीने लोणावळ्यातल्या दोन खोल्यांत तुळस लावली, देव मांडले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते की ह्याचे बस्तान बसले.

भीती मात्र गेली नाही. कोणाला उचलताना पाठ घामाने भिजायची. कोणाचा श्वास बदलला की माझाही बदलायचा. एकदा मी शमीम सिस्टरांना म्हणालो की इतकी वर्षे झाली, आता हे जायला हवे होते. त्या औषधांच्या ट्रॉलीवरून मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ देऊ नका, मामा. ज्याची भीती मेली त्याला मी पेशंटला हात लावू देत नाही." मला त्यातून धीर आला नाही. पण आपण एकटेच असे नाही, इतके कळले.

आणि मग तो रविवार आला.

पर्यटकांच्या गाड्यांनी जुना रस्ता तुंबलेला होता. दुपारी एक टुरिस्ट जीप इस्पितळाच्या आवारात शिरली, आणि चालकाच्या जागेवरून दत्तू उतरला. दत्तू म्हणजे कोंडिबा आबांचा मुलगा. लोणावळ्यात तो पर्यटकांना फिरवतो. मागच्या आसनावर त्याची बायको मंगल होती आणि तिच्या मांडीवर आबांचे डोके. तोंड एका बाजूला ओढले गेलेले, उजवा हात आसनावरून खाली लोंबलेला.

"बुवा, शेतावं पडलं," दत्तू म्हणाला. "गाड्या हलंनात. हारन वाजवून वाजवून हात दुखला."

मी स्ट्रेचर पुढे घेतले. आबांना वळवताना त्यांच्या डाव्या डोळ्याने मला पाहिले. ओळख ठेवा, असे ते म्हणाले होते.

अर्धांगाचा झटका होता. प्राण वाचतील असे डॉक्टर म्हणाले, पण वाचा गेली होती आणि गिळणे बिघडले होते. सिस्टरांनी त्यांना उंच बसवून चमचाभर पाणी देऊन पाहिले. आबांना ठसका लागला आणि घशात पाणी साचल्यासारखी घरघर येऊ लागली. पलंगाच्या डोक्याशी पाटी लागली: तोंडावाटे काहीही देऊ नये. नाकातून नळी घालायचे दुसऱ्या दिवसावर गेले, तोवर शिरेतून सलाइन. ह्या पाटीचा अर्थ मी कित्येक नातेवाइकांना समजावला होता. झटक्यानंतर घशाचा पडदा वेळेवर मिटत नाही. घोट अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतो, आणि फुप्फुसात पाणी जाऊन माणूस दगावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तू आणि मंगल आले तेव्हा मंगलच्या हातात एक बाटली होती. माझ्या पुतण्याने देवळातून तीर्थ भरून दिले होते.

"बुवा, द्या," मंगल म्हणाली. "कालपास्नं आबांच्या तोंडात तीर्थ न्हाई. तीर्थाबिगर त्यांनी कदी च्या बी घेतला न्हाई, तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होते. मी त्यांना पाटी दाखवली, घशाचे सांगितले. "पोटात जाणार नाही, मंगल. छातीत जाईल."

"थेंबभर," ती म्हणाली.

"थेंबभरसुद्धा नाही."

दत्तू म्हणाला, "च्या छातीत जात असंल. तीर्थाला कुटं जायचं ते कळतंय."

मी बाटलीतले तीर्थ तळहातावर घेतले, आबांच्या डोळ्यांना लावले, मस्तकाला लावले. दत्तूने मान हलवली. "तीर्थ पित्यात, बुवा. लावत न्हाईत."

तेवढ्यात चादर हलली. आबांनी डाव्या हाताने आपला निर्जीव उजवा हात मनगटाशी धरला, तो ओढत पोटावर आणला आणि डाव्या हाताच्याच बोटांनी त्याचा तळवा दुमडून त्याची ओंजळ केली. डाव्या हाताने तीर्थ घ्यायचे नसते, हे ते त्या अवस्थेतही विसरले नव्हते. ती ओंजळ माझ्यासमोर धरून ते माझ्याकडे पाहत राहिले.

तीर्थ देताना म्हणायच्या मंत्रात अकाली मृत्यू टळावा अशी प्रार्थना आहे. तो मंत्र मी आयुष्यभर म्हणत आलो. त्या सकाळी तोच मंत्र मनात म्हणत मी ती ओंजळ माझ्या दोन्ही हातांत घेतली, मिटवली आणि म्हणालो, "आबा, आज नाही."

त्यांनी डोळा मिटून घेतला.

"एक सांगा," दत्तू म्हणाला. "तुमी आमचं बुवा हाय, का ह्यांचं मामा?"

मी कोणतेही उत्तर दिले असते तरी त्याला आणि मला ते सारखेच खोटे वाटले असते. शमीम सिस्टरांना जाऊन सांगितले. त्यांनीही येऊन दोघांना समजावले, दत्तूने मान डोलावली. मग मला शेजारच्या खोलीतून हाक आली. एका रुग्णाला कूस बदलून द्यायची होती. मी त्याला वळवत होतो आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

तो खोकला नव्हता. खोकला असता तर मला धीर आला असता. तो घागर पाण्यात कलती धरल्यावर येतो तसा आवाज होता, आणि मग तो थांबला.

मी धावलो. बाटलीचे झाकण दत्तूच्या हातात होते. आबांचे ओठ निळसर झाले होते. मी सिस्टरांना हाक मारली, पलंगाचे डोके वर केले, आबांना माझ्या अंगावर घेऊन कुशीवर वळवले, तोंड खाली केले. माझा हात त्यांच्या पाठीवर होता आणि पाठ हलत नव्हती. मी भ्यालो होतो, इतका की त्या क्षणाचे मला आजही आठवते ते फक्त त्यांच्या बंडीचे सुटलेले बटण. सिस्टर घशातले पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी घेऊन आल्या. यंत्राची घरघर सुरू झाली. नळीतून पाणी आले, आणि त्यात तुळशीचे एक पान. मग माझ्या हाताखालची पाठ एकदा हलली.

दत्तू भिंतीला टेकून उभा होता. आबांना ऑक्सिजन लावून आत नेल्यावर तो माझ्याजवळ आला. मला वाटले तो रडेल, किंवा ओरडेल. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या हातचं असतं तर उतरलं असतं, बुवा."

रागाला उत्तर देता येते. ह्या श्रद्धेला मी काय उत्तर देणार होतो? ही श्रद्धा आमच्या तीन पिढ्यांनी त्या उंबऱ्याशी बसून त्यांच्या ओंजळीत ओतली होती.

आबांना न्यूमोनिया झाला. नाकातून नळी पडली. ताप चढत होता, उतरत होता. रोज सकाळी ड्युटीवर जाताना जिन्यातच वाटायचे की पलंग रिकामा दिसेल. मी त्यांचे तोंड ओल्या कापसाने पुसत असे, कूस बदलत असे, पाठीला हात लावून श्वास पाहत असे. देवापुढे बसलो की प्रार्थना आबांच्या प्राणांसाठी करतो आहे की मला गाव उरावे म्हणून, हे मला वेगळे काढता येत नसे. कारण ही गोष्ट गावात पोहोचली होती आणि ती अशी पोहोचली होती: आबांनी ओंजळ केली आणि बुवांनी तीर्थ दिले नाही. सुमती एका बारशाला गावी जाऊन आली. मी विचारले, काय म्हणाले लोक? ती म्हणाली, "कोणी काही म्हणाले नाही. चहा दिला आणि सगळ्या आपापसांत बोलत बसल्या."

आबा वाचले. नळीसकट घरी गेले. निघताना मंगलला सर्व दाखवणे हे माझे काम होते. तिने खाली मान घालून ऐकून घेतले. दत्तू गाडीतच बसून होता. जीप आवाराबाहेर पडली आणि मला वाटले, ही आपली गावाशी शेवटची भेट.

पंधरवडा झाला असेल. मंगलचा फोन आला. "बुवा, आबा नळी वढत्यात. मला भरवायचं म्हटलं की हात थरथरतोय. ह्यांना इचारलेलं न्हाई मी. तुमी या."

जीपमधून उतरून आबांच्या घरापर्यंत जायला देवळावरूनच वाट आहे. त्या दिवशी ती मला फार लांब वाटली. पारावरच्या लोकांनी बोलणे थांबवले. पुतण्या देवळाच्या ओट्यावर उभा होता, त्याने लांबूनच नमस्कार केला. मी मान खाली घालून चालत राहिलो.

घरात शिरलो तसा दत्तूने चप्पल घातली आणि गाडी काढून निघून गेला. मी आबांना उशांनी टेकवून उंच बसवले, नळी जागेवर आहे की नाही हे कसे पाहायचे ते मंगलला पुन्हा दाखवले आणि नळीत पेज सोडायची पिचकारी तिच्याच हातात दिली.

"भीती वाटते?" मी विचारले.

"लय," ती म्हणाली.

"मग तू नीट करशील."

तिने नीट केले. त्यानंतर माझ्या प्रत्येक सुट्टीला मी जाऊ लागलो, आणि प्रत्येक वेळी दत्तू चप्पल घालून बाहेर पडू लागला. मी आबांचे हातपाय हलवून व्यायाम द्यायचो, आंघोळ घालायचो. वाचा तुकड्यातुकड्यांनी परत येत होती. एकदा अंगणात पाटावर बसवून मी पाठीवर तांब्या ओतला आणि त्यांचे ओठ हलू लागले. मी वाकलो. कितीतरी वेळ घेऊन ते म्हणाले, "पानी... गार."

मी घाईने मनगटावर पाणी पाहिले. ऊन होते. मग त्यांच्या डाव्या डोळ्याकडे पाहिले, आणि तो हसत होता.

भाताची कापणी उरकल्यावर डॉक्टरांनी घसा पुन्हा तपासला आणि हळूहळू तोंडाने द्यायला अनुमती दिली. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे आजाऱ्याला आधी पाणी पाजतात. झटका आलेल्याला सर्वांत सोपी असते ती दाट पेज. ती घशातून संथ उतरते, पडद्याला मिटायला अवधी देते. पाणी निसटते, म्हणून ते शेवटी. सर्वांत पातळ ते सर्वांत अवघड. आबांनी आधी दाट पेज गिळली, मग मऊ भात, मग पातळसर वरण, नळी निघाली. आणि एका सकाळी डॉक्टरांनी सांगितले की आता चमच्याने थोडे पाणी देऊन पाहायला हरकत नाही, पण जपून.

मी गावी गेलो. मी काही बोलण्याआधीच आबा म्हणाले, "बुवा. तीर्थ."

मंगलने पुतण्याला निरोप धाडला. तो सोवळ्यानेच आला, देवळातले पंचपात्र आणि पळी घेऊन, आणि ते दोन्ही त्याने माझ्यासमोर ठेवले. "काका, तुम्हीच द्या," तो म्हणाला. पंचपात्रात तुळस नव्हती. त्याने ती आठवणीने वेगळी ठेवली होती. ओटीवर माणसे जमली. कधी नव्हे तो दत्तू गेला नव्हता. दाराच्या चौकटीला धरून तो उभा होता, आणि माझ्या हाताकडे पाहत होता.

इतका मी इस्पितळात कधी भ्यालो नव्हतो. तिथे सिस्टर असतात, सक्शन असते. इथे शेणाने सारवलेली जमीन होती, आणि उतरले नाही तर काय होते ते मी पाहिलेले होते. उतरले तरी दत्तू म्हणणार होता, बघा, बुवांच्या हातचे उतरले. आणि न उतरले तर मला ह्या ओटीवर पुन्हा पाय ठेवता येणार नव्हता. मी आबांना ताठ बसवले. हनुवटी छातीकडे झुकवली. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि ओंजळ केली. तिच्यात मी एक थेंब टाकला, तो देवाचा. मग अर्धी पळी भरून ओठांशी नेली. पळी हलत होती. वडिलांचे शब्द आठवले. पण माझे मन कुठेही गेलेले नव्हते. ते त्या कंठाच्या गाठीवर होते, आणि ती गाठ अजून हलली नव्हती.

मग ती वर गेली आणि खाली आली.

मी वाट पाहिली. "आबा, आ म्हणा." घशात पाणी राहिले असेल तर आवाज ओला येतो.

"आ," आबा म्हणाले. कोरडा, स्वच्छ, भांडणाऱ्या माणसाचा आवाज. मग ओली ओंजळ डाव्या हाताने उचलून त्यांनी डोळ्यांना लावली, डोक्यावरून फिरवली आणि म्हणाले, "आता... च्या."

ओटीवर हसू पसरले. मी दत्तूकडे पाहिले. "दत्तू, हे माझ्या हाताने उतरले नाही," मी म्हणालो. "इतके महिने मंगलने भरवले, त्यांनी स्वतः गिळायला शिकून घेतले, तेव्हा उतरले. त्या दिवशी मी दिले असते तर माझ्या हातूनही तेच झाले असते." त्याने ऐकले. त्याला पटले असे मी म्हणणार नाही. तो आत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला, कपाळावरची गाडीवाल्याची टोपी काढून काखेत धरली, अगदी बापासारखी, आणि उजव्या हाताची ओंजळ पुढे केली.

"मला बी," तो म्हणाला.

मी अजूनही लोणावळ्यालाच आहे. परत जाणार नाही. वॉर्डात उद्या नवीन मुले येतील, मावळातली, मोबाइल खिशात घालून, आणि रुग्णाच्या पाठीवर पहिले फडके ठेवताच त्यांचे हात थबकतील. तेव्हा पाणी आधी मनगटावर पाहा असे मी त्यांना सांगेन. तुम्हांपैकी जे दूर गेले आहेत ते विचारतात की आता घर कोणते मानायचे. मला एवढेच सांगता येते. दत्तूच्या ओंजळीत तीर्थ घालताना माझी पळी हलत होती, दोन थेंब त्याच्या मनगटावर सांडले, आणि त्याने हात मागे घेतला नाही. तेवढी जागा माझे घर आहे.